वार माझा सोमवार

राजुरीच्या तुळशीदास वायरमननं बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून तो तिला 'पारगावकरीण' म्हणायचा. माहेर पारगावचं म्हणून पारगावकरीण, यात काय मोठं नवल? पण म्हणायचा कसा, ते ऐकायला हवं होतं. विजेच्या खांबावर चढलेला असो नाहीतर जयंतीच्या स्टेजवर पेटी घेऊन बसलेला असो, तिथून अशी खणखणीत हाक टाकायचा की अख्ख्या आळीला कळायचं, वायरमनला चहा हवाय. केशरबाई वरवर चिडायची. "लोकं हसत्यात, जरा हळू वरडा की!" म्हणायची आणि चहात साखर चमचाभर जास्तच टाकायची.

ती हाक गेली.

एकदम नाही गेली. तो रिटायर झाला आणि आधी चष्मा हरवायला लागला, मग पक्कड पिठाच्या डब्यात सापडली, मग आळेफाट्याला भाजी आणायला गेलेला माणूस ओतूरच्या गाडीत बसून भलतीकडंच पोचला. लोक म्हणाले, वय झालं. आता वय कुणाचं होत नाही? केशरबाईनंही मनाची तीच समजूत घातली. पण एका सकाळी तो ओट्यावरून उठला आणि दारात उभ्या असलेल्या तिलाच म्हणाला, "बाई, ह्या घरात चहा मिळंल का वं?" तिनं चहा केला. बशीत ओतून, फुंकर घालून दिला. मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मेला तरी बरं, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यासाठी ती दिवसभर स्वतःला शिव्या घालत राहिली.

तिचा मुलगा राकेश चाकणला कंपनीत होता. दोन हजार नऊ साली त्यानंच खबर आणली की पुण्याच्या एका दवाखान्यात या आजाराच्या नव्या औषधाची चाचणी चाललीय आणि दादांना, म्हणजे त्याच्या बापाला, त्यात घेतील. केशरबाई त्याच रात्री पिशवी भरून बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टर अमृता वयानं तिच्या नातीएवढ्या, पण बोलणं सरळ. "आजी, नीट ऐका. बाबांच्या मेंदूत एक नको असलेलं प्रथिन साचलंय. त्याला अमायलॉइड म्हणतात. हे औषध शिरेतून देतात, ते साचलेलं काढून टाकतं, असं आम्हाला वाटतंय."

"म्हंजी जळमटं काढल्यावानी?"

"हो, तसंच म्हणा."

"आन् जळमटं निघाली की माझी वळख पटंल त्यांना?"

"ते कुणालाच माहीत नाही. तेच तर बघायचंय. निम्म्या लोकांना औषध देतो, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळतंय हे आम्हालाही ठाऊक नसतं. आणि एक सांगते, काही जणांच्या मेंदूला या औषधानं सूज येते. म्हणून डोकं दुखलं, तोल गेला, उलटी झाली, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

"न्हाई लपवत," केशरबाई म्हणाली. राकेशनं सही केली. तुळशीदासनं पंख्याकडं बघून विचारलं, "ह्याची लाईन कुणी वढली? लई लोंबतीय."

दर वेळी सुई टोचायच्या आधी परीक्षा असायची. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या शहरात आहोत, कितव्या मजल्यावर? मग सायकल, आंबा, घड्याळ हेच तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे. केशरबाई शेजारी नसली की तो घाबरून दार शोधायचा, म्हणून तिला खोलीतच मागं बसू द्यायचे. पहिल्या परीक्षेला तो गडी नुसता हसत राहिला. वार सांगता येईना, शहर सांगता येईना. मार्क इतके खाली गेले की केशरबाईला वाटलं, नापास पोराला शाळेतनं काढतात तसं आता ह्यांना काढून टाकणार. अमृताबाईंनी तसं काही म्हटलेलं नव्हतं हो! पण भ्यालेल्या माणसाला कोण समजावणार?

आता बघा, तुळशीदासचं सगळं गेलं होतं, पण गाणं गेलं नव्हतं. उभ्या जुन्नर-आंबेगावात त्याची गायन पार्टी गाजलेली. पोराचं नाव विसरला, तरी जयंतीची गाणी कडव्याकडव्यानं पाठ. केशरबाईनं बरोबर ती नस धरली. पुढच्या खेपेला आळेफाट्यावरून पुण्याची गाडी सुटली, तशी ती त्याच्या कानाशी लागली आणि त्याच्याच पार्टीच्या स्वागतगीताच्या चालीवर हळू आवाजात म्हणू लागली:

"वार माझा सोमवार, महिना जुलै गं,
पुणं माझं शहर, माडी दुसरी गं,
सायकल, आंबा, घड्याळ, ध्यानी धर गं..."

नारायणगाव गेलं, मंचर गेलं. राजगुरुनगर यायच्या आत त्यानं मांडीवर ठेका धरला होता. चाकणला तो स्वतःच म्हणू लागला. मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "पावणं, आवाज झ्याक हाय राव!" केशरबाईची छाती फुलून आली.

परीक्षेत तो धडाधड बोलला. अमृताबाईंनी कौतुकानं मान डोलावली. राकेशनं आईला मिठी मारली. आणि गंमत बघा, गाणं शिकवणारी हीच, पण परतीच्या गाडीत हिलाच वाटायला लागलं की औषध लागू पडलं! माणूस स्वतःच पेरतो आणि उगवल्यावर म्हणतो, देवाघरचं आलं. तिनं पुढच्या खेपेसाठी नव्या तारखेचं गाणं बसवायला घेतलं आणि वाट बघत राहिली. भाकरी थापताना, भांडी घासताना, तिचे कान मागं लागलेले. आता म्हणंल. आता हाक येईल.

श्रावण निम्मा सरला असेल. तुळशीदास डोकं धरून बसायला लागला. "ठणका मारतोय," म्हणायचा. केशरबाईनं बाम चोळला, फडकं बांधलं. फोनवर अमृताबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "काय न्हाई बाई, रातीची झोप झाली न्हाई त्यांची." सांगितलं असतं तर औषध बंद केलं असतं. इतक्या जवळ आल्यावर? तिचं मन काही धजेना.

मग एका गुरुवारी तो चुलीपासून दारापर्यंतसुद्धा सरळ चालेना. चौकटीवर कपाळ आपटलं, भडाभडा उलटी झाली. शेजाऱ्यांच्या जीपमधून नेलं. गाडी पुण्याला पोचेपर्यंत ती बया एकच घोकत होती, "मीच मारलं ह्यांना, मीच मारलं."

दवाखान्यात तळमजल्यावरच ठेवलं. मेंदूचा फोटो काढला. मेंदूला सूज आली होती. अमृताबाई धावत खाली आल्या, त्याच्यावर वाकून म्हणाल्या, "बाबा, ऐकू येतंय का? आज वार कोणता?"

तुळशीदासनं डोळे मिटलेलेच ठेवले. हाताची बोटं चादरीवर ठेका धरू लागली. आणि तो गायला लागला.

"वार माझा सोमवार, महिना जुलै गं, पुणं माझं शहर, माडी दुसरी गं, सायकल, आंबा, घड्याळ..."

गुरुवार होता. ऑगस्ट होता. आणि तीन शब्द तर अजून कुणी विचारलेच नव्हते. अमृताबाई हळूहळू वळून केशरबाईकडं बघू लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्या बाईला झालं.

"आजी, हे तुम्ही शिकवलंत?"

"व्हय."

"आणि डोकं दुखत होतं?"

"आठवडा झाला असंल." मग तिला राहवलंच नाही. "मला एकडाव हाक मारतील वाटलं वं! एकडाव फकस्त. दुसरं काय मागितलं न्हाई मी."

अमृताबाई चिडल्या होत्या, दिसत होतं ते. "आम्हाला वाटलं औषधानं गुण येतोय. असं प्रत्येक घरानं केलं तर औषध चांगलं का वाईट, कधीतरी कळेल का? आणि बाबांचा जीव गेला असता तर?" एवढं बोलून त्या तिच्याशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. त्या हाताला अजून बामाचा वास होता.

औषध थांबवल्यावर सूज उतरली. नशीब म्हणायचं. घरी सोडायच्या सकाळी अमृताबाईंनी पुढचं मांडलं. नियमात बसतंय, निम्म्या डोसावर पुन्हा सुरू करता येईल. पुन्हा सूज येऊ शकते. गुण येईल का, ते अजूनही सांगता येत नाही. राकेश म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." दोघं कागद आणायला आत गेली.

दवाखान्याच्या आवारात चाफ्याखाली बाकडं होतं. तिथं केशरबाई नवऱ्याला घेऊन बसली. मनात नुसता कालवा. निम्मा डोस का होईना, 'हो' म्हणून टाकायचं काय? त्या एका हाकेसाठी तिचा जीव अजून तुटत होता. खोटं कशाला बोला?

तुळशीदासनं तिच्याकडं अनोळख्या माणसाकडं बघावं तसं, अदबीनं बघितलं.

"बाई, तुमी कुठल्या गावच्या?"

"पारगावच्या," ती म्हणाली. राजुरी म्हणायला हवं होतं, पण तोंडातून तेच आलं.

"पारगावच्या?" तो एकदम सरसावून बसला. कितीतरी दिवसांनी त्याचे डोळे असे लकाकले. इकडंतिकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "मग तुमास्नी ठावं असंल. केशर म्हनून पोरगी हाय तिथं. जयंतीला आमची पार्टी गेलती, तवा पुढं बसलीवती. येत्या ऐतवारी बघायला जायचंय मला."

केशरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कशी हाय वं पोरगी?"

"बरी हाय," ती कशीबशी म्हणाली. "जरा येडी हाय. पर तुमचं गानं लई आवडतं तिला."

"खरं?" तो लाजला. सत्तरीचा बाप्या, मान खाली घालून लाजला. "मंग एक काम करा. मी यायच्या आत तिला सांगून ठिवा, न्हाई म्हनू नको म्हनावं. दुसरी पोरगी बघायची न्हाई मला."

"सांगते."

"इसरू नका."

"न्हाई इसरत," केशरबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते तिनं पुसलं नाही.

अमृताबाई आणि राकेश कागद घेऊन बाहेर आले. "काय ठरवलंत आजी? करायचं सुरू?"

तिनं तुळशीदासचा हात धरला. तो आपला अजून लाजत, चाफ्याच्या फुलांकडं बघत गुणगुणत होता.

"नगं बाई," ती म्हणाली. "आता सुई नगं. येत्या ऐतवारी त्यांना पारगावला जायचंय."