ढब्बूच्या पोटातली शक्ती

आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली आमच्या कुत्र्याच्या पिल्लापुढे हात जोडून उभी होती, आणि पिल्लू सोफ्यावर मान टाकून पडलं होतं.

"ढब्बूनं अन्न सोडलंय," साखरबाबा डोळे मिटून म्हणाले. हवेतून साखर काढतात म्हणून साखरबाबा. माझ्या बायकोच्या भाबडेपणामुळे त्यांनी आमच्याकडेच मुक्काम ठोकला होता. "माझी सारी शक्ती त्यानं पोटात घेतली. आता माझ्या हातून साखर निघणार नाही."

ढब्बू भडाभडा ओकला.

"त्याग!" बाबा ओरडले. गर्दीनं माना डोलावल्या.

"अहो, त्याला शीसुद्धा झालेली नाही," मी म्हणालो.

"मलमुक्ती! पोटाला मात्र कुणी हात लावायचा नाही. भस्म व्हाल."

माझं डोकंच फिरलं. ढब्बूला टॉवेलात गुंडाळलं आणि तडक जनावरांच्या दवाखान्यात निघालो. "अहो, शाप लागेल!" म्हणत बायको मागोमाग, बाबांचा हात धरून त्यांना ओढत. त्यांच्यामागे गल्ली.

डॉक्टरीणबाईंनी पोट चांगलं दाबून पाहिलं. भस्म काही झाल्या नाहीत. मग सोनोग्राफी केली.

"आतड्यात काहीतरी अडकलंय. पुढे काही सरकत नाही, म्हणून उलट्या. पिल्लं दिसेल ते गिळतात. सलाइन लावते आणि लगेच ऑपरेशन करते."

बाबा दाराकडे सरकू लागले, पण दारात गल्ली उभी होती.

ऑपरेशन आटोपून डॉक्टरीणबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये माणसाचा अंगठा होता.

एकच किंचाळी उठली. जो तो आपापले अंगठे तपासू लागला. शेजारच्या काकांनी तर पायाचेही पाहिले.

"रबरी आहे. आतून पोकळ." डॉक्टरीणबाईंनी तो धुतला, त्यात चहाची साखर भरली, आपल्या अंगठ्यावर चढवला आणि रिकामा हात सगळ्यांना दाखवला. मग रबर गुपचूप मुठीत ओढून घेतलं. मुठीतून साखर झरली. "गोड वास आला, पिल्लानं गिळला."

बायको बाबांकडे वळली. "हा हरवल्याचं तुम्हाला कळलं नाही?"

"माझ्यासमोरच गिळला, ताई," बाबा पुटपुटले. "पण सांगणार कसं?"

"साखरेनं फसवलंत, तो माझा मूर्खपणा. पण पिल्लू मरत होतं, आणि तुम्ही माझ्याकडून त्याला नमस्कार करून घेतलात!" तिला रडू आवरेना.

"आतडं अजून गुलाबी होतं, म्हणून टाक्यांवर भागलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी थांबला असतात तर काळं पडलं असतं. मग कठीण होतं."

मंडळी, जेवण सोडलेलं पिल्लू संत नसतं, आजारी असतं. त्याला दवाखान्यात न्या. आणि कुणी "इथे हात लावू नका" असं बजावलं, तर आधी तिथेच हात लावून पाहा.