दोन घास कमी असलेला नान

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी रेहाल आहे. कुराण जमिनीवर ठेवत नाहीत. वाचताना ते ज्या दुपाखी, मिटत्या लाकडी आसनावर ठेवतात, ते आसन म्हणजे मी. माझा जन्म ताश्कंदपासून डोंगरांपलीकडच्या कोकंद शहरातला. उस्ता होलमत नावाच्या सुताराने मला एकाच फळीतून कोरून काढले. मला खिळा नाही, सरस नाही, बिजागरी नाही. त्याने फळीच्या पोटातून करवतीची अशी वाट काढली की ती मधोमध उमलली आणि तरीही अखंड राहिली. मी पाच उंचींवर उभी राहू शकते. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसाठी उंच, लहान मुलीसाठी ठेंगणी.

उस्ता दिवसभर सरकारी कारखान्यात टेबलांचे पाय तासत असे. मला त्याने घरच्या परसात, शेजाऱ्यांना पाळण्याचे काम आहे असे सांगून घडवले. त्या काळी आमच्याकडे देवाचे नाव मोठ्याने घेतलेले सरकारला चालत नसे.

मी तयार झाले तेव्हा त्याने मला हिदायत नावाच्या बाईच्या हाती दिले. हिदायत ही ओतिन होती. जी बायकांना घरात बसवून कुराण शिकवते आणि जन्माच्या-मरणाच्या प्रसंगी वाचन करते, तिला आमच्याकडे ओतिन म्हणतात. पाचसहा मुली माझ्याभोवती बसत. दारावर थाप पडली की हिदायत मला मिटून पिठाच्या पिंपात खुपसे, आणि थाप मारणारा आत येईपर्यंत सगळ्या जणी एका गोधडीला टाके घालीत बसलेल्या असत. माझ्या नक्षीत त्या पिठाचे कण अजून आहेत. मुलींचा पहिला धडा अक्षरांचा नव्हता. ऐका, म्हणा, विचारू नका, हा पहिला धडा होता. कारण विचारायला लागले की आवाज चढतो, आणि आवाज भिंतीपलीकडे जातो.

मला स्वतःला अक्षरे फार उशिरा आली. ग्रंथ माझ्यावर उताणा पडलेला असे, त्यामुळे मला त्याची फक्त पाठ दिसे. मुलींच्या अडखळण्यातून ऐकून ऐकून उतारवयात कुठे माझी अक्षरांशी ओळख झाली. म्हणून मी साधेच सांगते.

पुढे राज्य बदलले. मी पिंपातून बाहेर आले. हिदायतची मुलगी शराफत ओतिन झाली आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. बारशाला, लग्नाला, वर्षश्राद्धाला मला बोलावणे येई. बायका माझ्या नक्षीवरून बोट फिरवून ते डोळ्यांना लावत. “एका फळीची आहे,” असे शराफत सांगे तेव्हा मला, खोटे कशाला बोलू, थोडा गर्व होई.

मग शराफतच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तिला सगळे तोंडपाठ होते, ग्रंथ उघडायची गरज उरली नाही. मला कापड गुंडाळून कोनाड्यात ठेवले गेले. वर्षातून एकदोनदा, कुणी फारच आग्रह धरला तर, माझ्यावरचे कापड निघे. बाकी दिवस धूळ.

त्या घरात तेव्हा चौघे जण होते. शराफत, तिचा मुलगा इल्होम, सून मुकद्दस आणि नात रोबिया. इल्होम चार वर्षांपूर्वी रशियात इमारतींच्या कामाला गेला. जाताना त्याने ताज्या नानचा एक घास खाल्ला आणि उरलेला नान शराफतने कापडात बांधून दाराशेजारच्या खुंटीला टांगला. लांब जाणाऱ्याने असेच करायचे असते. उरलेले अन्न माणसाला परत बोलावते, असे आमच्याकडे मानतात.

तो गेल्यावर मुकद्दसला मुलगा झाला. अकरा दिवस जगला.

बाळाच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाल्यावर एके दुपारी मुकद्दसने शराफतला विचारले, “ओयी, तो आता कुठे असेल?” आईला आणि सासूला आमच्याकडे ओयी म्हणतात. शराफत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “असलं विचारू नये, पोरी. जा, चहा ठेव.”

मुकद्दसने चहा ठेवला. पुन्हा कधी विचारले नाही.

पण प्रश्न काही विरून जात नाही. काही दिवसांनी, सासू दुपारची झोपली असताना, मुकद्दसने कोनाड्यातून मला काढले, कापड झटकले, मला सगळ्यात ठेंगण्या उंचीवर उभे केले आणि माझ्यावर आपला फोन ठेवला. आधी हातपाय धुऊन, डोके झाकून आली होती. इतक्या वर्षांत माझ्यावर ग्रंथाशिवाय काही बसले नव्हते. फोन हलका होता आणि कोमट.

त्यातून एक तरुण बोलू लागला. आवाज मऊ होता. तो कुराणातली आयत म्हणता म्हणता रडे. मीही ऐकत राहिले, मित्रांनो, कारण आयत तर तीच होती, जिचे वजन मी वर्षानुवर्षे पेलले होते. पहिले काही दिवस तो चांगलेच बोलला. आईवडिलांविषयी, सबुरीविषयी. मुकद्दसने त्याला तो प्रश्न लिहून पाठवला आणि त्याच संध्याकाळी उत्तर आले. बघा, घरातल्या माणसाने जे दिले नाही, ते परक्याने काही तासांत दिले. तो म्हणाला, ज्या घरात मेलेल्यांसाठी पैसे घेऊन वाचन होते, भिंतीवर नान टांगतात, त्या घरावर कृपा उतरत नाही. तुझे बाळ त्या घराची शिक्षा होते.

मुकद्दसने हे खरे मानले. दुःखात माणसाला कारण हवे असते आणि हे कारण सासूच्या रूपात समोर चहाच्या कपाजवळच बसले होते. ती सासूशी तुटक वागू लागली. एकदा खुंटीवरचा नान काढायला गेली, तेव्हा शराफत म्हणाली की माझ्या मुलाचा आहे तो, तू हात लावायचा नाही. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या जेवल्या. पुढे फोनवर बायकांचा एक गट आला, आणि गटातली एक ‘बहीण’. ती रोज विचारपूस करी. मुलगी कशी आहे, किती वाढली. मग ती एका देशाचे वर्णन करू लागली. तिथे सगळे शुद्ध आहे, तिथे विधवांना आणि एकट्या बायकांना मान आहे. इस्तंबूलपर्यंत ये, पुढचे आम्ही बघू. नवऱ्याला सांगू नकोस, तो बिघडलेला आहे.

मी हे सगळे ऐकले. पण लाकडाला तोंड नसते.

एका गुरुवारी सकाळी मुकद्दस म्हणाली की चार दिवस माहेरी रिश्तानला जाऊन येते. शराफतने मान हलवली. सासू अंगणात असताना मुकद्दस घाईने खोलीत आली. तिच्या हातात सकाळचा नान होता. तिने त्याचा एक घास तोडला, दुसरा रोबियाला तोडायला लावला. मग कुठे ठेवावे ते तिला कळेना. खुंटीवर टांगला असता तर सासूला बेत कळला असता. तिने मला उघडले, नान माझ्या दोन पाखांमध्ये ठेवला आणि कापड गुंडाळून मला जागेवर ठेवले. मला कुणी हात लावत नाही, हे तिला ठाऊक होते. तो तरुण ज्याला पाप म्हणत होता तेच तिने केले. का केले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हातांना सवय होती, एवढेच.

पण त्याच सकाळी, त्या दोघी निघून गेल्यावर तासाभराने, शेजारचा तोलिब आपली छोटी गाडी घेऊन दारात आला. त्याच्या आईचे वर्ष होते आणि त्याच्या मावशीने हट्ट धरला होता की वाचन रेहालीवर ग्रंथ ठेवूनच व्हायला हवे. शराफतने मला उचलले. मी जड लागले म्हणून तिने कापड सोडले.

डोळ्यांना नीट दिसत नव्हते, म्हणून तिने नान बोटांनी चाचपला. मोठ्या घासाची कड, तिच्याशेजारी लहान घासाची कड. ती खाली बसली. रिश्तान तासाभराच्या अंतरावर आहे. रिश्तानला जाताना कुणी नानला दात लावत नाही. आणि लांब जायचे तर आमची वाट ताश्कंदवरूनच जाते.

“तोलिब,” ती म्हणाली, “ताश्कंदच्या टॅक्सी कुठून सुटतात?”

“पुलापाशी. पण ओतिन-ओयी, पाहुणे बसलेत, पुलाव दमाला लागलाय.”

“तुझी आई वर्षभर थांबली आहे, अजून एक दिवस थांबेल. ती माझ्याहून शहाणी होती.”

तिने नानसकट मला पिशवीत घातले आणि ती तोलिबच्या गाडीत जाऊन बसली.

आमच्याकडच्या टॅक्सी चार प्रवासी भरल्याशिवाय हलत नाहीत, मग कुणी कितीही घाईत असो. पुलाजवळ एक पांढरी गाडी उभी होती. पुढे खरबुजांचा एक व्यापारी झोपला होता, मागे मुकद्दस आणि रोबिया. चौथी जागा रिकामी होती आणि चालक तासाभरापासून ‘ताश्कंद, एक जागा’ असे ओरडून घसा बसवून घेत होता. शराफत सरळ दार उघडून आत बसली. मुकद्दसने रोबियाला जवळ ओढले.

“चला खोला, तुम्ही आलात, गाडी सुटली,” चालक म्हणाला. वयस्क बाईला आमच्याकडे खोला म्हणतात. “सकाळपासून तुमचीच वाट बघतोय.”

“मग जरा सांभाळून चालव,” शराफत म्हणाली. “मला पोचायची घाई नाही.”

रोबिया आजीच्या मांडीवर डोके ठेवून पडली. डोंगर जवळ येऊ लागले तेव्हा शराफतने पिशवीतून मला आणि नानला काढून मांडीशेजारी ठेवले. मुकद्दसने ते पाहिले आणि तिचा बांध फुटला. ती हळूच पण फार कडू बोलली. तुम्हाला धर्म कळत नाही, म्हणाली, तुम्ही आयुष्यभर नुसते पाठ म्हणत आलात, कुणी काही विचारले की चहा ठेवायला पाठवता.

“खरं आहे,” शराफत म्हणाली.

मुकद्दसची भांडणाची तयारी होती, याची नव्हती.

“तू विचारलंस तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं, पोरी. माझ्या आईनं शिकवलेलं. जी लेकरं लहानपणी जातात त्यांना इब्राहीम पैगंबर सांभाळतात. बागेत, एका मोठ्या झाडाखाली. तुझा मुलगा तिथं आहे. त्याला कुणी शिक्षा केलेली नाही, आणि तुलाही नाही. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते. पिठाच्या पिंपात लपवायच्या वस्तूंमध्ये मी रडणंही घातलं होतं.”

मुकद्दस खिडकीबाहेर पाहत राहिली. चालकाने रेडिओ बंद केला.

मग शराफत म्हणाली की तू जिथे निघालीस तिथे मीही येते. तिथे खरा धर्म असेल तर इतकी वर्षे शिकवणाऱ्या बाईला तो बघायला हवा. तुझ्या त्या बहिणीला कळव, आणि तिला विचार, त्या तरुण मुलाचा गुरू कोण, आणि गुरूचा गुरू कोण. आमच्यात आधी हेच विचारतात.

मुकद्दसने फोनमध्ये बोलून निरोप पाठवला. तिला वाटले असेल की उत्तर येईल आणि सासूचे तोंड बंद होईल. त्या ‘बहिणी’चे उत्तर घाटात आले. तिने ते ऐकण्यासाठी फोन कानाला लावला नाही, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“म्हातारीला वाटेतच उतरव, बहिणी. म्हाताऱ्यांचा इथं काही उपयोग नाही, आणि असले प्रश्न तर विचारूच नकोस. रोबिया नऊची झाली ना? मग काळजी नको. तिच्यासाठी चांगलं घर बघून ठेवलंय.”

रोबिया उठून बसली. “कुठलं घर?” तिने विचारले.

मुकद्दसने मुलीचे दोन्ही कान हातांनी झाकले, उशिरा का होईना, आणि तसेच धरून ठेवले. खरबुजाचा व्यापारी झोपलेला नव्हताच. तो मागे न वळता चालकाला म्हणाला, “पोरा, त्या कुर्तवाल्यांपाशी थांब. यांना उतरायचंय. परतीची गाडी मी बघून देतो.”

तिघी उतरल्या. रस्त्याकडेला बायका खारवलेल्या दह्याचे गोळे, कुर्त, विकत बसल्या होत्या. मुकद्दस तिथेच दगडावर बसून रडली, आणि शराफतही रडली, बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच. रोबिया दोघींच्या मध्ये बसून कुर्त चोखत होती.

पुढचे सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. मुकद्दसने त्या गटातल्या दोघींना एकेकटीला हे सगळे कळवले. एकीचे उत्तर आले. दुसरीचे काय झाले ते आम्हाला अजून ठाऊक नाही. इल्होम वसंतात परत आला, तेव्हा घरात आधी आरडाओरडा झाला आणि मग शांतता. तो तरुण अजूनही बोलतो आहे. आमच्याच गल्लीत त्याला ऐकणाऱ्या बायका आहेत.

पण आमच्या घरी एक गोष्ट बदलली. दर गुरुवारी दुपारी आता बायका जमतात. त्या दिवशी पठण नसते, फक्त विचारायचे असते. मुकद्दस मला मधोमध उघडते, उंची तीच ठरवते. शराफतला पुष्कळ गोष्टी येत नाहीत. तेव्हा ती “मला माहीत नाही, विचारून सांगते” असे म्हणते, आणि खरेच जाणत्यांना विचारून सांगते.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यावर कुणी काय ठेवावे, हे मला निवडता येत नाही. तुम्हाला येते. कुणाचा आवाज आपल्या मनाच्या मधोमध बसवायचा, ते नीट पारखून घ्या. तो गोड आहे म्हणून नाही, तो रडतो म्हणून नाही. आणि तुमच्या घरात कुणी अवघड प्रश्न विचारला तर त्या माणसाला एकटे सोडू नका. उत्तर येत नसले तरी चालेल.

मागच्या गुरुवारी एका आईने विचारले की माझा मुलगा त्या देशात लढायला गेला आणि तिथेच मेला, त्याच्यासाठी मी प्रार्थना करू की नको. शराफत सरकून तिच्याशेजारी जाऊन बसली. मग म्हणाली, मला माहीत नाही. बाहेर ऊन उतरत चालले होते, किटलीतला चहा गार झाला होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या आईजवळून कुणी उठून गेले नाही.