रंग न आलेलं पाणी

विमलाने गार झालेली बिनमिठाची पेज फडक्यातून गाळली आणि एकेका परीक्षानळीत थोडी थोडी ओतली. पेज तिने घरून शिजवून आणली होती. स्टार्च मागवायचा तर मुंबईचं दुकान, आणि चैत्राच्या उन्हात पार्सल कधी येईल याचा भरवसा नाही. मग तपकिरी बाटलीचं बूच काढून तिने वर पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण घातलं. नळ्यांतलं पांढुरकं पाणी तसंच राहिलं.

दहावीच्या मुली बाकांवरून उठून टेबलाभोवती आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात आपापल्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती.

“हॅलोजनांमध्ये सगळ्यांत क्रियाशील कोण?”

“फ्लोरीन,” दुर्गा म्हणाली. “मग क्लोरीन, ब्रोमीन, आणि शेवटी आयोडीन.”

“वरचा खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकून लावतो. ब्लीचिंग पावडरीचा क्लोरीन तुमच्या पाण्यात असेल, तर या नळीत काय होईल?”

“आयोडीन सुटेल. पेज निळी होईल.”

“आमच्याकडे बघूकच नको, बाई,” मागून कावेरी म्हणाली. “चायेक पण तोच वास. आजो म्हणता, ही चाय काय हास्पिटलातून इली?”

मुली हसल्या. विमलाही थोडी हसली. खालच्या वाडीत पटकीने दोन माणसं गेल्यापासून वर्गात हसणं कमीच झालं होतं. तिसरा माणूस मालवणच्या दवाखान्यात होता. पंचायतीच्या शिवाने काल संध्याकाळी गावातल्या सगळ्या विहिरींत पावडर टाकली होती. त्याआधी विमला दोन दिवस शाळा सुटल्यावर घरोघर फिरली होती. वास येईल, चव बदलेल, चार दिवस सोसा, असं प्रत्येक घरापुढच्या खळ्यात उभं राहून तिने सांगितलं होतं. कावेरीच्या आजोबांनी तर तिला अर्धा तास उन्हात उभं ठेवून मग मान डोलावली होती.

एकेक मुलगी पुढे आली. दुर्गाची नळी गडद निळी झाली, कावेरीची तिच्याहून गडद. यशोदाच्या नळीला जेमतेम निळी झाक आली. तिच्या विहिरीत पुन्हा थोडी पावडर लागेल, हे विमलाने सांगितलं. शेवटी तिने आपली बाटली उघडली.

काशीबाईच्या, म्हणजे विमलाच्या सासूच्या विहिरीचं पाणी सगळ्या गावात गोड. चैत्रात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ झाल्या की अर्धी वाडी कळश्या घेऊन तिथेच यायची.

विमलाने पाणी नळीत ओतलं. नळी हलवली. उजेडाकडे धरली.

“बाईंची नळी रुसली,” कावेरी पुटपुटली.

विमलाने दुसरी नळी घेतली, पेज आणि आयोडाइड नव्याने घातलं, पुन्हा आपलं पाणी ओतलं. काही नाही. त्याच नळीत तिने दुर्गाच्या बाटलीतलं थोडं पाणी सोडलं. निळा रंग लगेच उमटला. म्हणजे पेज बरोबर होती, द्रावण बरोबर होतं. पावडर पडली नसेल, किंवा पडलेली पाण्यातल्या घाणीनेच संपवली असेल. दोन्हींतून निष्कर्ष एकच निघत होता.

मुली तिच्याकडे पाहत होत्या. तिने पहिली नळी सगळ्यांना दिसेल अशी स्टँडमध्ये पुढे ठेवली.

“हे माझ्या घरच्या विहिरीचं पाणी आहे,” ती म्हणाली. “यात क्लोरीन नाही. घरी जाऊन सांगा, मी निरोप देईपर्यंत हे पाणी कुणी प्यायचं नाही.”

मग दुर्गाने हळूच विचारलं, “काशीबायचा नाव सांगू?”

“नाव सांगितल्याशिवाय कळेल कसं?”

सकाळची शाळा सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. काशीबाई विहिरीवर, रहाटापाशी, देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासत होती.

“शिवा काल आपल्याकडे आला होता?”

“इलो हुतो. मीच परत धाडलंय.” काशीबाईने मान वर केली नाही. “ह्या पाण्यान देवाची आंघोळ होता. तेच्यात तो घाणेरडो चुनो घालूचो?”

“मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात.”

“तू शाळेतली बाई. तुझ्या तोंडाक कोण लागतलो?”

“मी वर्गात सांगितलं, हे पाणी कुणी पिऊ नका.”

काशीबाईचा हात थांबला. “माझ्या बावीचा नाव घेतलंस?”

“आपल्या,” विमला म्हणाली.

“इतकी वरसां झाली, रिकामी कळशी घेवन कोणाक परत धाडूक नाय मी.”

दप्तर पडवीत ठेवून विमला तशीच पंचायतीत गेली आणि पावडरीचा डबा घेऊन आली. दोराला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोजलं, वहीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला, बादलीत पावडर कालवली आणि चुना तळाशी बसायची वाट पाहत उभी राहिली. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतलं. ती वळली तेव्हा काशीबाईने रहाटाचा दोर घट्ट धरला होता.

“मी जिती आसंसर हे होवचा नाय.”

“मग मी इथेच उभी राहते. पण तोवर कुणाला पाणी काढू देणार नाही. तुम्हालाही नाही.”

दोघी उभ्या राहिल्या. बादलीचा उग्र वास दोघींच्या मध्ये होता. माडांच्या सावल्या पायांपाशी गोळा झाल्या होत्या.

आवाराच्या दाराशी, बेड्यापाशी, शेजारची तुळसा येऊन थांबली. रोज ती न विचारता आत यायची. आज कमरेवर रिकामी कळशी घेऊन बाहेरच उभी होती.

“काशीबाय, पाणी नेव काय नको?”

काशीबाईने त्या कळशीकडे पाहिलं. तुळसा वाट पाहत राहिली. तिच्या मागे आणखी दोघीजणी पाणंदीतून येताना दिसत होत्या.

“माझ्या सुनेक इचार,” काशीबाई म्हणाली, आणि दोर सोडून भांड्यांकडे वळली.

विमलाने बादली विहिरीत सोडली, पाण्याखाली नेऊन वरखाली घुसळली. तुळसाला म्हणाली, “आता नको. उन्हं कलली की ये.”

रात्री विमलाने काशीबाईला वाढलं, काशीबाई जेवली. देवासाठी देवळाच्या तळीतून कळशी आणायला कुणाला तरी पाठवलं असेल, असं विमला धरून चालली. विचारलं मात्र नाही.

सकाळी शाळेला निघताना ती रोजच्यासारखी देवघराच्या उंबऱ्याशी थांबली. काशीबाई पळी घेऊन आली. विमलाने तळवा पुढे केला. तीर्थात तुळशीचं पान होतं. हात तोंडाशी नेता नेता ती क्षणभर थांबली. वास ओळखीचा होता, वर्गातल्या बाटल्यांचा.

ती प्यायली.

काशीबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. “वास येता?”

“येतो.”

“देव काय बोलूक नाय,” काशीबाई म्हणाली.

विमलाने ओला तळवा केसांवरून फिरवला आणि चपला शोधू लागली.