पूर्वेकडचा पाय

सरळ छत काय, कुणीही घालतं हो. चार भिंती, वर सपाट स्लॅब, झालं सभागृह. बारामतीपासून इंदापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असली खोकीच खोकी. आर्किटेक्ट स्वरूपानं आठ वर्षं तेच केलं होतं. बारामतीत ऑफिस थाटल्यापासून कुणी वेगळं मागितलं नाही, आणि तिनं वेगळं काढून दाखवलं तर लोक म्हणायचे, मॅडम, हे पुण्यात शोभतं. त्यामुळे गावच्या सोसायटीनं आपल्या सभागृहाचं काम दिलं तशी ती इरेलाच पेटली.

तिचं छत चारी कोपऱ्यांत पायांसारखं खाली येऊन जमिनीला टेकणार होतं आणि मधे उचलून वर जाणार होतं. आत एकही खांब नाही. समितीला नकाशा कळेना, शेवटी छताचा साचा बांधणाऱ्या सेंटरिंगवाल्या बिरू मिस्त्रीनं समजावलं. बिरू डाळजचा, आजा मेंढरं राखायचा. घोंगडी चार खुट्ट्यांना बांधायची आन मधी काठी लावून उचलायची, तसं हाय, म्हणाला. मग सगळ्यांनी माना हलवल्या. अडीच महिने तो आणि त्याची बायको सारजा फळ्या भिजवून वाकवत होते. एकेक वासा तीनतीनदा उतरवला. साचा उभा राहिला तर रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टरवाले थांबून बघायला लागले. स्वरूपाला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

कसलं न्हातंय! काँक्रीट टाकायच्या दिवशी ती वर सळ्या तपासत होती. खाली टाळ्या वाजल्या. नारळ फुटला असेल म्हणून तिनं वाकून बघितलं नाही. तिचे वडील सर्जेराव, म्हणजे आबा, सोसायटीचे जुने संचालक. लेकीचं कौतुक त्यांच्या पोटात मावत नव्हतं. यंदाच्या गळिताच्या पहिल्या साखरेची पाच किलोची पिशवी त्यांनी आणली होती आणि कामाचं तोंड गोड व्हावं म्हणून अख्खी पिशवी मिक्सरमध्ये ओतली. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आणि तो पहिला माल गेला पूर्वेकडच्या पायात. त्या पायावर छताचा चौथाई भार यायचा होता.

तिसऱ्या दिवशी पायांच्या फळ्या काढल्या. तीन पाय दगडासारखे टणक, आणि हा थापलेल्या शेणासारखा मऊ. स्वरूपानं बोट खुपसलं तर पेरभर आत गेलं. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बिरूनं खाली मान घालून साखरेचं सांगितलं. शकुनाचं काम, आमी मधी कसं पडावं, म्हणाला. रडावं की कुणाला बडवावं, तिला कळेना. साखर पडली की सिमेंट आळत नाही, हे कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. इथं अख्खा गाव साखरेत जन्मला, पण कुणाला म्हणून माहीत नाही.

घरी येऊन तिनं दोन पेल्यांत सिमेंट कालवलं आणि एकात चमचाभर साखर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेले आबांपुढं ठेवले. आबांनी आपल्या हातानं दाबून बघितलं. एक पेला टणक झाला होता, दुसऱ्यात अंगठा बुडाला. ते बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसले. मग तो लेंग्याला पुसला आणि चहा तसाच टाकून रानात गेले. त्यांना पटलं, एवढं तिला पुरे होतं. दुपारी सोसायटीच्या बैठकीत आबा बोलले की झालं, असं ती धरून चालली.

बैठकीत चेअरमन रणजितनं आल्या आल्या सांगून टाकलं, वाकडं काम आहे म्हणून पाय धरत नाही, सगळं उतरवा आणि सपाट स्लॅब घाला. स्वरूपानं परोपरीनं सांगितलं. छत टेकूंवर आहे तसं राहू दे, फक्त एक पाय फोडून नव्यानं भरू, पंधरा दिवसांचं काम. बिघडलंय ते साखरेनं. साखर म्हटल्याबरोबर सगळे हसले.

"ताई," रणजित म्हणाला, "ह्या साखरेवर तालुका उभा राह्यला. तुमचं शिक्षण तिच्यावर झालं. आन तिनंच छत बिघडवलं म्हणता?"

गाढवापुढे वाचली गीता! तिचं डोकं सणकलं. साखरेचा दोष मानला तर टाळ्या वाजवणारे चाळीसच्या चाळीस दोषी, मग कोण मानतंय? ती म्हणाली, माझं खोटं वाटत असेल तर आबांना विचारा, त्यांनी सकाळी स्वतः पाहिलंय.

सगळे सर्जेरावांकडे वळले. आबांनी टोपी काढली, परत घातली.

"आमच्या घराच्या जोत्यात मी सवताच्या हातानं गूळ टाकलाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाली. घर उभं हाय."

ते घर दगडमातीचं. त्यात सिमेंटचा कण नाही. हे स्वरूपाला माहीत होतं आणि आबांनाही माहीत होतं. इतका वेळ भडकलेली ती एकदम गार पडली. ह्या माणसानं आपल्यासाठीच साखर आणली आणि आता आपल्यालाच खोटं पाडलं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

सचिवानं ठराव वाचला. आहे ते बांधकाम उतरवून सपाट स्लॅब टाकणे. सूचक रणजित. अनुमोदक कोण, त्यानं विचारलं. सगळे सतरंजीकडे बघायला लागले. सर्जेरावांसमोर त्यांच्याच लेकीचं काम पाडायला हात वर करायचा म्हणजे पंचाईतच. सचिवानं दुसऱ्यांदा विचारलं.

"आबांचं नाव लिहा," स्वरूपा म्हणाली.

"असू दे ताई, दुसरं कोणीतरी..." रणजित चाचरला.

"दुसरं कुणी नको. आबा, हात वर करा."

बैठक सुरू झाल्यापासून आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर काढली नाही. त्यांचा हात वर यायला फार वेळ लागला, पण आला. सचिवानं नाव लिहून घेतलं.