ठमीची हळदीची चिंधी

मी हळदीची चिंधी बोलतेय. नाक मुरडू नका, मासळीबाजारात वाढलेय, वास येणारच.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण बोर्लीच्या बाजारात बर्फ नुकता कुठे आला होता. तो आणला शिवदासने. बर्फात पडून पडून शिळी झालेली मासळी तो ताजी म्हणून खपवायचा. ती खाऊन एका लग्नघरी माणसं आजारी पडली, तर हा गावभर सांगत सुटला, "पापलेटं ठमीची होती."

ठमी त्याच्या शेजारीच मासळी विकायला बसायची. तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. भरली टोपली घेऊन बिचारी घरी जायची.

अशाच उरलेल्या मासळीवर तिने एकदा हळद सांडलेलं फडकं झाकलं. मासळी नासली आणि फडकं लाल झालं! ठमी बघतच राहिली. मग तिने जुनं लुगडं फाडलं, भाताच्या पेजेत हळद कालवली, मला त्यात बुडवून सुकवलं. पेजेने हळद अंगात धरून ठेवली. माझा जन्म हा असा, रागातला. गोड स्वभाव कुठून येणार?

बाजाराच्या दिवशी ठमीने मला ओलं केलं. "शिवदासभाऊ, ही टोपलीत झाकायची. मासळी नासकी असली तर लाल व्हते. तुमच्यात ठेवू?"

"आधी तुझ्यात ठेव!"

ठेवलं. शिवदासचं पान चघळून झालं तरी मी पिवळीधमक. त्याला कुठला धीर? दुसरं पान लावता लावता त्याने मला खस्सकन ओढलं आणि ओरडला, "लाल! बघा, लाल झाली!"

झाले होते खरी, दोन जागी. माझीच मला लाज वाटली. लोक ठमीकडे बघायला लागले. ठमीने मला उलगडून उंच धरलं.

"भाऊ, मासळीला बोटं कधी फुटली? आधी हातचा चुना पुसा!"

गिऱ्हाईक नीराबाई खो खो हसली. "हळदीला चुना लागला की लालच व्हते, येवढंबी ठावं न्हाय व्हय रे तुला?"

त्या गलक्यात ठमीने माझं पिवळं राहिलेलं टोक शिवदासच्या टोपलीत खोचलं आणि वर गोणपाट ओढलं. थोड्या वेळाने काढलं, तर टोक लालभडक.

"लग्नाची पापलेटं कुणाची, कळलं आता," म्हणत नीराबाई ठमीपुढे बसली. मागोमाग बाकीच्या.

धंदा परत आला, तरी ठमीने मला बांबूवर टांगूनच ठेवलंय, बोटं दिसतील अशी. शिवदास रोज विनवतो, "ठमे, काढ की आता."

"वाळत्येय, भाऊ. राहू दे."

मलाही उतरायची घाई नाही. फक्त उन्हाने हळद विटते, म्हणून एवढंच मागते. ठमे, मला जरा सावलीत बांध गं. शिमग्याला शिवदासचा नवा जावई यायचाय.