नको ते खोडा

मनाच्या दुखण्यासाठी घरी धावून जाणारं पथक नवंच निघालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गाडी एक, माणसं दोन. गाडीचं मागचं दार सुतळीने बांधलेलं असे आणि घाई असली की ती गाठ हमखास रुसून बसे. मोठ्या सिस्टर वीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढून पथकात आल्या होत्या. जोडीला एक समाजसेवक. त्यांना सगळं ऑफिस 'तुफान' म्हणे. तुफान जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावरचे लोक दारं उघडून बघत, कोणाचं काय झालं म्हणून.

त्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. तुफानांनी घेतला आणि चिठ्ठीवर खरडलं, 'म्हातारे गृहस्थ, एकटे. तीन दिवस दार बंद. आतून म्हणतात, आज संपवणारच. दार उघडलंत तर सगळं गेलं.'

चिठ्ठी वाचून सिस्टर तशाच जाऊन गाडीत बसल्या.

तिसऱ्या मजल्यावर फोन करणारी शेजारीण वाटच बघत होती. "मी त्यांच्या मुलालाही कळवलंय," ती म्हणाली. "तो म्हणतो, पथकाने कागदावर लिहून दिलं ना, की हे एकटे राहू शकत नाहीत, की उद्याच वृद्धाश्रमात नेतो. खोलीसुद्धा बघून ठेवलीय त्याने."

"म्हणजे सही आमची आणि पाठवणी त्यांची," सिस्टर म्हणाल्या.

तुफान गाडीतली पहार घेऊन आले होते. सिस्टरांनी त्यांना पहारीसकट जिन्यावर बसवलं आणि दारावर हलकेच टकटक केली.

"काका, मी सिस्टर आहे."

"सुई आणलीय?" आतून आवाज आला.

"नाही."

"मग कसल्या सिस्टर?"

असं काही विचारायचं असलं की आडपडदा ठेवायचा नाही, हे सिस्टर वॉर्डात शिकल्या होत्या. त्यांनी दाराला तोंड लावून विचारलं, "काका, तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?"

आतून आवाज आला, "हे कोणी सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात, आज संपवणारच."

"काय संपवणार?"

"तेच विचारतेय."

"बाई, संपवणे हे सकर्मक क्रियापद आहे. वाक्यातलं कर्म कुठे गेलं?"

"शेजारीणबाईंनी ते सांगितलं नाही."

"त्या नेहमीच कर्म खातात."

"मी काय खाते?" शेजारीण पुढे सरसावली.

"कडी काढलीय. चपला काढा, एकटीने या आणि दार वीतभरच उघडा," आवाज म्हणाला. "वारा आत आला तर माझी पंचेचाळीस वर्षं उडतील. ते दुसरे गृहस्थ बाहेरच राहू देत. त्यांचा श्वास इथवर ऐकू येतोय."

सिस्टर काही काडी पहिलवान नव्हत्या. वीतभर फटीतून त्या आधी खांदा, मग पदर, मग श्वास रोखून बाकीच्या अशा हप्त्याहप्त्याने आत गेल्या.

आत खिडक्या बंद, पंखा बंद. जमिनीवर, पलंगावर, टेबलावर कागदाच्या बोटबोटभर चिठ्ठ्यांच्या ओळी. उडू नयेत म्हणून कुठे चमचा ठेवलेला, कुठे कपबशी, आणि 'त'च्या ओळीवर स्वतःची कवळी. काका उभ्या जन्माचे मुद्रितशोधक. छपाईत सापडलेली चूक कापून ठेवायची सवय, आणि आता निवृत्तीनंतर त्या सगळ्या चुका मुळाक्षरांच्या क्रमाने वहीत चिकटवायच्या होत्या. संपवायचं होतं ते हे.

सिस्टर वाकून वाचू लागल्या. 'अध्यक्षांचे भांडण दोन तास चालले.' 'नवदांपत्यास आर्थिक शुभेच्छा.' 'डॉक्टरांनी रुग्णाला नाचवले.' इथे मात्र त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण हसण्याने अख्खा 'न' हलायला लागला होता.

पण आपण कशाला आलो आहोत ते त्या विसरल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात डोकावून आल्या. तीन दिवस माणूस चहा-बिस्किटांवर होता. झोप चार तास. मग 'स'च्या ओळीत त्यांना एक चिठ्ठी दिसली. 'सुखद निधन'.

"ही बायकोची जाहिरात," काका म्हणाले. "प्रूफ मीच तपासलं होतं. पंचेचाळीस वर्षांत सुटलेली एवढी एकच."

"डोळ्यांत पाणी असणार."

"पाणी नाही. चष्मा सापडत नव्हता. तो कुठे असतो, ते तिलाच माहीत असायचं."

सिस्टर 'ष' आणि 'स'च्या मधल्या जागेत हळूच बसल्या. "त्यानंतर कधी वाटलं, आपणही जावं?"

"पहिले दोन महिने वाटलं. पण सांगणार कोणाला? त्या समोरच्या कर्म खातात."

"आणि आता?"

"आता 'ह' आहे. मग ळ, क्ष, ज्ञ."

"आणि 'ज्ञ' झाल्यावर?"

काकांनी चमचा उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला. "ते ठरवलेलं नाही."

हे उत्तर सिस्टरांना आवडलं नाही, पण खरं होतं आणि खऱ्या उत्तरावर काम करता येतं. "मग दर गुरुवारी मी येणार," त्या म्हणाल्या. "'ज्ञ' झाला तरी आणि नाही झाला तरी. शेजारीणबाई रोज दार वाजवतील, तुम्ही दोन घास जेवायचं. आणि तसा विचार आला तर मला फोन करायचा. कर्मासकट सांगायचं."

"गुरुवारी किती वाजता?" काकांनी विचारलं. सिस्टरांना जरा हायसं वाटलं.

बाहेर तुफान गुडघ्यावर फॉर्म ठेवून तयार होते. तीन प्रती, मध्ये कार्बन. शेवटचा रकाना असा: 'एकटे राहण्यास', त्याच्या खाली 'समर्थ', त्याच्या खाली 'असमर्थ', आणि कंसात 'नको ते खोडा'. सिस्टर फटीतून म्हणाल्या, "समर्थ ठेवा. दर आठवड्याला भेट, असंही लिहा." तुफानांनी एका फटकाऱ्यात रेघ ओढली.

"बघू," काकांनी फटीतून हात बाहेर काढला.

"सही इथे करा," तुफान म्हणाले.

"सही नंतर. तिन्ही प्रती द्या."

पहिली प्रत काकांनी वाचली, मान डोलावली. दुसरी वाचली. तिसरी वाचताना चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. "मुलाकडे कोणती जाते?"

"तिसरी."

त्यांनी ती सिस्टरांपुढे धरली. घाईत खालचा कागद बोटभर सरकला होता. रेघ 'समर्थ'वरून गेली होती आणि 'असमर्थ' जागच्या जागी सुखरूप होतं.

सिस्टर मटकन खाली बसल्या, आणि नशीब की तिथे 'ज्ञ' होता. त्यात मुळात दोनच चिठ्ठ्या होत्या.

"बोटभरच सरकलाय," तुफान बाहेरून म्हणाले.

"'ध'चा 'मा' करायला बोटही लागत नाही," काका म्हणाले. "दुसरा फॉर्म काढा. यावेळी कागद टाचणीने टोचा. आणि 'आठवड्याला'चा ठ 'ट'सारखा दिसतोय, तो नीट करा."

तुफानांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम सावकाश केलं. शेजारीण मान वाकवून टाचणी धरून बसली होती. तिन्ही प्रती एकसारख्या निघाल्या, तेव्हा कुठे काकांनी सही केली.

तेवढ्यात आत फोन वाजला. मुलगा होता. सिस्टर चिठ्ठ्यांमधून चवड्यांवर चालत गेल्या.

"काय लिहिलंत?" त्याने विचारलं. "मी तिकडे खोली धरून ठेवलीय."

"ती सोडून द्या. एकटे राहण्यास समर्थ, असं लिहिलंय. मी दर गुरुवारी येणार आहे. तुम्ही रविवारी येत जा."

मुलाचा आवाज खोलीभर ऐकू आला, "जरा नीट वाचता का? असमर्थ असेल."

सिस्टरांनी काकांकडे पाहिलं. ते 'ह'च्या ओळीवर ओणवे झाले होते. मान वर न करता त्यांनी रिसीव्हरकडे तोंड करून सांगितलं, "स, म, थ. थवर रफार. सुरुवातीला काही नाही."