चावऱ्या पोपटाची आणि कौसल्येच्या हाताची हकीकत

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात मी एका चावऱ्या पक्ष्याची व त्याला माणसाळविणाऱ्या एका स्त्रीची हकीकत सांगणार आहे. ती स्त्री म्हणजे माझी पत्नी कौसल्या होय. आपल्याविषयी कोणी लिहावे असे आपल्या आयुष्यात काही घडलेले नाही, असे तिचे मत आहे. ते मला मान्य नाही.

मारेगावच्या ज्या बँकेत मी शिपाई आहे, तेथील अनघा मॅडमची बदली झाली आणि त्यांनी आपला पोपट पिंजऱ्यासह माझ्या स्वाधीन केला. आपल्या रानातला हिरवा पोपट पाळण्यास कायद्याची मनाई आहे. हा परदेशी जातीचा, अंगाने राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा आणि गालांवर शेंदरी ठिपके असलेला. कौसल्येने त्याचे नाव पाहुणा ठेवले आणि पोपट म्हटल्यावर साहजिकच हिरवी मिरची पुढे केली. पाहुण्याने मिरची खाली टाकली व तिचे बोट फोडले.

पुढे हा नित्यक्रमच झाला. माझ्या हातावर तो कधी येई, कधी न येई. परंतु कौसल्येचा हात पिंजऱ्याच्या दारात दिसताच तुरा चपटा करून फिसकारे आणि चावे. शेजारचे लालसिंगभाऊ यांनी चोचीवर काडी मारण्याचा उपाय सुचविला.

"मारल्यानं जीव भेते भाऊ, वळत नाई," कौसल्या म्हणाली. "मले मारलं असतं, तं मी वळली असती काय?"

लालसिंगभाऊ माझ्याकडे पाहून हसले. मी चहा प्यालो.

अशातच आमचा मुलगा संघदीप याने आपला निर्णय सांगितला. सूनबाई दीपा बाळंतपणासाठी नेरला माहेरी होती. महिनाभराने ती तान्ह्या मुलीला घेऊन येणार होती, आणि चावणारे पाखरू बाळाच्या आसपास ठेवण्यास तो तयार नव्हता. यवतमाळच्या एका पक्षी विकणाऱ्याशी त्याने बोलूनही ठेवले होते. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

कौसल्या त्याला म्हणाली, "एका घरानं त्याले देऊन टाकलं. आता आपूनबी टाकलं, तं तो कोनाच्या हातावर बसन रे?"

"चावला नाई, तं राहू दे," संघदीप म्हणाला. "चावला, तं तो जाईन."

मी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की हात वरून नेऊ नये. तळहात उघडा ठेवून खालून, छातीशी, सावकाश न्यावा. चावला तरी झटकू नये, ओरडू नये. मी हे सर्व कौसल्येला सांगितले. आपण तसेच करतो, असे ती म्हणाली, आणि तिचा तसा प्रामाणिक समज होता.

त्या शनिवारी बँकेला सुट्टी असल्याने मी तिचा डबा घेऊन शेतावर गेलो आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो. बायांच्या रांगेत कौसल्या कापूस वेचत होती. पाच बोटे जुळविलेला तिचा हात वरून बोंडावर पडे, कापूस उपटून घेई आणि कमरेच्या ओटीत जाई. नजर मात्र तोवर पुढच्या झाडावर पोहोचलेली असे. परकर नेसण्याच्या वयापासून तो हात असाच पडत आला होता. पिंजऱ्यातही तो तसाच पडत होता, घारीसारखा.

"कौसल्ये," मी तिला तेथेच म्हणालो, "तू पाहुण्याले वेचून राह्यली वं."

तिने आपल्या हाताकडे बराच वेळ पाहिले. "जन्माचा हात आहे हा," ती म्हणाली. "त्याले आता हळू जाणं कसं शिकवू?"

परंतु तिने शिकविले. सायंकाळी शेतावरून आल्यावर ती पिंजऱ्याचे दार उघडून जमिनीवर बसे. हात उताणा गुडघ्यावर, त्यावर ज्वारीचे दाणे. दाण्याभोवती बोटे आपोआप जुळू लागली की दुसऱ्या हाताने ती उलगडी. एकदा पाहुणा दारापर्यंत आला आणि त्याने तिच्या अंगठ्याचे रक्त काढले. तिने हात हलविला नाही. "झालं?" तिने त्याला विचारले. "आता दाना खा."

त्याने खाल्ला. त्यानंतर हळूहळू तो तळहातावर येऊन उभा राहू लागला.

ठरल्या दिवशी संघदीप पुठ्ठ्याचे खोके घेऊन आला. दीपा व बाळ सायंकाळपर्यंत पोहोचणार होते. कौसल्येने पाहुण्याला हातावर घेऊन दाखविले.

"तुह्या हातावर बसन तो," संघदीप म्हणाला. "तू त्याची झाली. दुसऱ्याचं काय?"

असे म्हणून त्याने स्वतःचा हात पुढे केला. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये आईसोबत त्यानेही कापूस वेचलेला आहे. पाचही बोटे जुळवून त्याचा हात वरून खाली येऊ लागला. पाहुण्याने तुरा चपटा केला.

चोच उघडण्यापूर्वी कौसल्येने मोकळ्या हाताने मुलाचे मनगट धरले. ते उताणे केले. त्याची बोटे एक एक करून सरळ केली आणि तो हात पाखराच्या छातीखाली नेऊन ठेवला. पाहुण्याने मान तिरपी करून त्या नव्या हाताकडे पाहिले, एक पाय ठेवला, मग दुसरा.

संघदीप ताठ उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने हलक्या आवाजात विचारले, "आई, हात खाली कधी करू?"

"तो उतरन तेव्हा."

ही साधी हकीकत आपण शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

गोविंदा नगराळे, मारेगाव